राजीखुशीची वेदना : एक आढावा

कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सातव्या अध्यायात, प्रणयातील आघात आणि त्या आघातांनी उमटणारे सीत्कार यांचे सांगोपांग वर्गीकरण चालू असता, वात्स्यायन एकाएकी तीन दुर्घटनांची नोंद करतो. आणि ती नोंद इतकी निर्विकार, इतकी पंचनाम्याच्या वळणाची आहे की आपण रतिशास्त्राचा ग्रंथ वाचीत आहो याचा वाचकाला क्षणभर विसर पडावा. चोल राजाने चित्रसेना नावाच्या गणिकेचा ‘कीला’ या आघाताने प्राण घेतला. कुंतल देशीच्या शातकर्णी शातवाहनाच्या हातून ‘कर्तरी’ या आघाताने महादेवी मलयवती गतप्राण झाली. आणि हाताने अधू असलेल्या नरदेव नामक एकाने ‘विद्धा’ हा आघात भलतीकडे करून एका नटीचा डोळा घालविला. या तिघांपैकी मधल्याचे कुळ आपल्या पैठणचे, हे मराठी वाचकाने विसरू नये. संमतीच्या शृंगारात वेदना कोठवर क्षम्य आहे आणि तिची जाबदारी कोणाच्या शिरावर, हा प्रश्न परदेशातून परवा आलेला आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एवढा एक उल्लेख पुरेसा व्हावा.

वात्स्यायन येथे नीतीचे प्रवचन करीत बसत नाही. दक्षिणेकडील ते आघात कष्टकारक आणि अनादरणीय होत, एका देशाचा रिवाज दुसऱ्या देशात नेऊ नये, आणि ज्यात जिवाला अपाय आहे तो प्रयोग जेथे रूढ आहे तेथेही वर्ज्य समजावा, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खांब वा खड्डा दिसत नाही तशी रागांध युगुलाची गत होते, म्हणून जाणत्याने समोरच्या व्यक्तीचे मार्दव आणि आपले बळ जोखून मगच वागावे, असेही तो सांगतो. (याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रियांना अश्लील आणि कठोर भाषण प्रिय असते असाही एक शेरा आहे, तो वाचून कोणाला राग येईल, कोणाला हसू येईल.) परंतु त्याच अध्यायात एक जागा अशी आहे की जिच्यापाशी आजच्या वाचकाने थांबले पाहिजे. आघात सोसणाऱ्या स्त्रीच्या मुखातून निघणाऱ्या ध्वनींत त्याने ‘आई गं’, ‘नको’, ‘सोड’, ‘पुरे’ अशा अर्थाच्या उद्गारांचीही गणना केली आहे. म्हणजे निषेधाचे शब्दही क्रीडेच्या अलंकारांत जमा झाले. एकाच मुखातून निघालेले ‘पुरे’ कोणत्या क्षणी अलंकार आहे आणि कोणत्या क्षणी खराखुरा नकार आहे, याचा निकाल देण्याचे साधन मात्र तो देत नाही. तो ते आघात करणाऱ्याच्या जाणतेपणावर सोपवितो, आणि त्या जाणतेपणावर भिस्त ठेवता येत नाही हे त्याच्याच तीन दाखल्यांवरून सिद्ध होते. प्रस्तुत आढावा या एका उणिवेभोवती फिरणार आहे.

विषयाची मर्यादा प्रथम आखून घेऊ. दोन प्रौढ व्यक्ती आपसांत विचारविनिमय करून असे ठरवितात की एकीने ठरल्या वेळेपुरती हुकमत चालवावी व दुसरीने ती मानावी. आणि या नात्यात चापट, वेताचा फटका, दोरीचा बांध, मेणाचा चटका अशा काही वेदनांना, दोघांनाही त्यातून सुख वा समाधान लाभते म्हणून, स्थान देतात. तरुण मंडळी याला बीडीएसएम म्हणतात, हुकमत चालविणाऱ्यास ‘डॉम’ आणि ती मानणाऱ्यास ‘सब’ म्हणतात. ही वृत्ती योग्य की अयोग्य, उदात्त की विकृत, या वादात प्रस्तुत लेखकास फारसे स्वारस्य नाही. ती आहे, सर्व काळी होती, आणि चारचौघांत न बोलण्याने ती नाहीशी झालेली नाही. तेव्हा जबाबदारीने वागणे म्हणजे काय, एवढाच विचार उपयोगाचा.

हा विचार वर्धा जिल्ह्यात बसून का करावा, असे कोणी विचारील. येथल्या भूमीला स्वेच्छेने पत्करलेल्या क्लेशाचे मोल नवे नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामास येऊन राहिले, आणि आत्मक्लेश हा दुसऱ्याचे मन वळविण्याचा मार्ग होऊ शकतो हा त्यांचा सिद्धांत या परिसरात आचरला गेला; पवनारला विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्नपाणी वर्ज्य करून देह ठेवला. या थोर उदाहरणांशी आपल्या विषयाची बरोबरी मांडण्याचा अविचार येथे करावयाचा नाही. परंतु भेद कोठे आहे तो पाहणे उद्बोधक आहे. व्रतस्थ माणूस स्वतःच्या देहाला स्वतःच्या निश्चयाने कष्टवितो, आणि ते थांबविण्याची कळ अखेरपर्यंत त्याच्याच हाती असते. येथे क्लेश देणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि म्हणून थांबविण्याची कळ सोसणाऱ्याच्या हाती राहील अशी तजवीज मुद्दाम करावी लागते. आपल्या लोकधर्मातही वेदनेचे सार्वजनिक प्रदर्शन पुष्कळ आहे. वाई तालुक्यातील बावधनचे बगाड पूर्वी पाठीत गळ टोचून चालत असे, आज तेथे दोरीने बांधतात. कडकलक्ष्मीचा पोतराज भर बाजारात स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो आणि लोक त्याच्या पुढ्यात पैसे टाकतात. परंतु त्या पोतराजाला अनेकदा बालपणीच आईबापांनी नवसाने देवीला वाहिलेले असते, त्याला कोणी कधी विचारलेले नसते. भर चौकातली ही बिनसंमतीची वेदना आपल्याला धर्म वाटते आणि बंद दाराआडची दोन सज्ञान माणसांची संमतीची वेदना मात्र घृणास्पद वाटते, हा आपल्या विवेकाचा उलटा हिशेब एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.

पाश्चात्त्य वैद्यकाने या वृत्तीकडे प्रथम रोग म्हणून पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्राफ्ट-एबिंग या मानसवैद्याने आपल्या ग्रंथात पीडा देण्यात सुख मानणाऱ्यांना मार्की द सादच्या आणि सोसण्यात सुख मानणाऱ्यांना साखर-माझोख या लेखकाच्या नावाने ओळखण्याचा प्रघात पाडला. साखर-माझोख त्या वेळी हयात होता, त्याला हा सन्मान मुळीच रुचला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅवलॉक एलिसने प्रेम आणि वेदना यांच्या निकट संबंधावर स्वतंत्र निबंध लिहून हे दोन निराळे रोग नसून एकाच सामान्य मानवी प्रवृत्तीची टोके असावीत असा विचार मांडला, आणि त्यापुढे शंभर वर्षे वैद्यक हळूहळू त्याच्या बाजूस सरकत आले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात निराळी आवड आणि त्या आवडीपायी होणारा विकार यांत भेद केला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात तर संमतीने चालणारा हा व्यवहार रोगांच्या यादीतून पार वगळला गेला, आणि जबरदस्तीने, दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध पीडा देण्यातच ज्याला सुख वाटते त्याचा विकार तेवढा ठेवला गेला. रोग आणि आरोग्य यांची सरहद्द वेदनेच्या जागी न ओढता संमतीच्या जागी ओढली गेली, हा बदल मोलाचा आहे. हॉलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा ९०२ व्यक्तींची तुलना इतर ४३४ व्यक्तींशी केली असता त्या मनाने अधिक अस्थिर आढळल्या नाहीत, उलट काही बाबतींत अधिक स्वस्थ आढळल्या. पण असल्या पाहण्यांना आपण होऊन उत्तरे देणारे लोक बहुधा सुस्थित व सुखी असतात, म्हणून त्या आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये.

मराठीत या प्रश्नांना निर्भय उत्तरे देण्याची परंपरा र. धों. कर्व्यांनी घातली. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यापायी नोकरी, पैसा आणि लौकिक घालविला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला ते हरले. पण शंका विचारणे हा वाचकाचा हक्क आणि तिचे शास्त्रीय उत्तर देणे हे संपादकाचे कर्तव्य, ही भूमिका न्यायालयात मांडली गेली. आज त्या शंका संपलेल्या नाहीत. त्यांना उत्तर देणारे मासिक मात्र उरले नाही, आणि त्या जागी अश्लील चित्रफिती आल्या आहेत, ज्यांत विचारपूस कधीच दाखवीत नाहीत.

आता संमतीचा विचार. आपल्याकडे जमिनीचे खरेदीखत लिहिताना देणारा लिहून देतो की हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि नशापाणी न करता लिहून देत आहे. वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील निबंधकांच्या कचेरीत रोज अशी कितीतरी कलमे लिहिली जात असतील आणि लिहिणाऱ्याचे त्यांकडे लक्षही नसेल. पण संमतीचे इतके नेमके वर्णन शोधून सापडणार नाही. राजीखुशी म्हणजे इच्छा हवी. अक्कलहुशारी म्हणजे आपण काय पत्करतो, त्यात धोका कोणता, हे कळलेले हवे. दडपण नको. नशा नको. एक भेद मात्र फार मोठा आहे : खरेदीखतावर सही झाली की माघार नाही, आणि येथे माघारीचा हक्क हाच संमतीचा प्राण आहे. काल दिलेली संमती आज लागू होत नाही, आरंभी दिलेली मध्यावर काढून घेता येते, आणि ती काढून घेण्यासाठी कारण सांगावे लागत नाही.

या माघारीसाठी या मंडळींनी जी युक्ती काढली तिला ‘सेफवर्ड’ म्हणतात, आणि वात्स्यायनाने उघडी सोडलेली जागा नेमकी तीच भरून काढते. ‘नको’, ‘पुरे’ हे शब्द क्रीडेत येऊ शकतात हे मान्य करून, त्या प्रसंगाशी काडीचाही संबंध नसलेला एखादा शब्द—‘संत्री’ म्हणा, ‘बुटीबोरी’ म्हणा—आधीच ठरवावयाचा आणि तो उच्चारला गेला की त्या क्षणी सर्व काही तहकूब करावयाचे. पुष्कळजण वाहतुकीच्या दिव्यांचे रंग वापरतात : पिवळा म्हणजे जरा सबुरीने, लाल म्हणजे बंद. तोंड झाकलेले असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तो खाली पडला की तोच शब्द समजावा. न्यूयॉर्कमधील एका मंडळाने १९८३ च्या सुमारास सुरक्षितता, शहाणपण आणि संमती अशी तीन पदांची व्याख्या रूढ केली; पुढे काहींनी आक्षेप घेतला की पूर्ण सुरक्षित असे काहीच नसते, तेव्हा धोक्याची जाणीव ठेवून दिलेली संमती असे म्हणणे अधिक प्रामाणिक. प्रस्तुत लेखकास दुसरे म्हणणे अधिक पटते. कारण ‘सुरक्षित’ या शब्दाने माणूस गाफील होतो.

नशापाण्याच्या अटीविषयी या जिल्ह्यात बोलणे थोडे चमत्कारिक आहे, कारण वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि दारू कोठे व कशी मिळते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. प्यालेल्या माणसाला वेदना उशिरा कळते आणि प्यालेल्या हाताला जोर कळत नाही. दोन्ही बाजूंनी हिशेब चुकतो. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये, १९७२ साली ज्या नाटकावर आक्षेपांचे मोहोळ उठले आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले त्या नाटकात, चंपा दारू पिऊन मगच सखारामच्या स्वाधीन होते. सखाराम घरी आणलेल्या बाईला आपल्या अटी पहिल्याच दिवशी सांगतो, तिने त्या मान्य केलेल्या असतात, जायचे तर दार उघडे आहे असेही तो म्हणतो. शब्दांपुरता विचार केला तर हा स्वामित्व-समर्पणाचा करारच आहे. पण जिचे नवऱ्याचे घर सुटले, जिला दुसरे छप्पर नाही, तिच्यापुढे उघड्या दाराला अर्थ काय? निराधाराची कबुली ही कबुली नव्हे. मराठी रंगभूमीने हा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडल्यावर, संमतीच्या नावाखाली चाललेली मारहाण ओळखण्यास आपल्याला परकीय ग्रंथांची गरज पडू नये.

आणि ती ओळखलीच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटच्या भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले, कारण एका पुरुषाला तिचा नकार ऐकावयाचा नव्हता. दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. ज्या समाजात साधा नकार ऐकण्याची ही अवस्था, तेथे क्रीडेतील नकार ऐकला जाईल हे गृहीत धरता येत नाही. म्हणून या विषयात पहिली कसोटी वेदनेची नव्हे. जो माणूस स्वयंपाक बिघडला, माहेरी जायचे म्हटले, पैशाचा हिशेब विचारला असल्या साध्यासुध्या गोष्टींत जोडीदाराचे ‘नाही’ चालवून घेत नाही, त्याच्या हाती वेत देऊ नये. दिवसा ज्याला नकार पचत नाही त्याला रात्री सेफवर्ड ऐकू येणार नाही.

देहाचा विचार याहून अधिक खोलात जाऊन करावा लागतो, आणि येथे सदिच्छेपेक्षा शरीरशास्त्र उपयोगी पडते. वेदना ही केवळ जखमेची बातमी नव्हे. मेंदू तिला प्रसंगानुसार वाढवितो वा दाबतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मज्जारज्जूतील जणू एका फाटकाची कल्पना मांडून हे समजावून दिले, आणि पुढील दशकात शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये निर्माण करते असा शोध लागला. उत्तेजनेच्या भरात सोसणाऱ्याला एक प्रकारची तंद्री लागते, दुखणे गोड वाटते, काळाचे भान सुटते. ही तंद्री हेच पुष्कळांचे साध्य असते. पण याचा व्यावहारिक अर्थ असा की त्या अवस्थेत ‘मला काही होत नाही’ ही सोसणाऱ्याची जबानी विश्वसनीय राहत नाही, आणि सेफवर्ड उच्चारण्याची शक्तीही कदाचित राहत नाही. तेव्हा लक्ष ठेवण्याचा सारा भार देणाऱ्यावर येतो. त्याने कातडीचा रंग पाहावा, श्वास पाहावा, बोटे हलवून दाखवावयास सांगावे, मधूनमधून विचारावे. आणि उत्तर अडखळत आले तर थांबावे.

आघातासाठी नितंब, मांड्यांची मागची मांसल बाजू एवढ्या जागा तुलनेने निर्धोक. कमरेच्या वर, बरगड्यांच्या खालच्या कडेस मूत्रपिंडे असतात. पाठीचा कणा, माकडहाड, मान, पोट, सांधे आणि मस्तक येथे आघात नको. वात्स्यायनाच्या यादीत मस्तक आहे. ते आज वगळलेच पाहिजे, आणि कर्तरी हा आघात मस्तकावरचाच होता हे मलयवतीच्या संदर्भात ध्यानी घ्यावे. दोरीने बांधताना दंडाच्या बाहेरील बाजूस हाडालगत जाणारी नस दाबली गेली तर मनगट लुळे पडते आणि ते पूर्ववत होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. मुंग्या येणे ही तिची पहिली सूचना, ती मिळताच गाठ सोडण्याऐवजी दोरी कापावी, त्यासाठी बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवावी. बांधलेल्या माणसाला एकटे टाकून दुसऱ्या खोलीतसुद्धा जाऊ नये. कातडी फुटून रक्त आले तर कावीळ ब आणि एचआयव्ही यांचा विचार करावा, एकाचे साधन दुसऱ्यास वापरू नये.

गळा दाबण्याविषयी येथे तडजोड नाही. मानेतील रोहिण्या दाबल्या गेल्या तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. रोहिणीच्या आतील अस्तर फाटून काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. आणि हे बाहेरून काहीही खूण न दिसता घडते. बेशुद्ध माणूस शब्द उच्चारू शकत नाही, म्हणजे संमतीची जी एकमेव यंत्रणा तीच येथे बंद पडते. अलीकडे चित्रफिती पाहून तरुणांत हा प्रकार सर्रास होऊ लागला आहे. त्याची कोणतीही निर्धोक पद्धत अस्तित्वात नाही. तो करू नये.

वैदर्भीय वाचकासाठी दोन गोष्टी विशेष सांगितल्या पाहिजेत, ज्या परदेशी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाहीत. विदर्भातील अनेक समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी थंडीने, पाण्याच्या वा प्राणवायूच्या तुटीने, अतिश्रमाने विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात आणि असह्य वेदनेचा झटका येतो. अशा व्यक्तीच्या बाबतीत घट्ट बांध, बर्फ, श्वासाची अडवणूक, दीर्घकाळ एकाच स्थितीत ठेवणे यांपैकी काहीही खेळ राहत नाही, तो आजारास निमंत्रण देणे होय. केवळ वाहक असलेला माणूस एरवी निरोगी असतो, तरी त्यानेही पाणी आणि श्रम यांची काळजी घ्यावी. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते; ती आपण केली आहे काय, हे जोडीदारांनी एकमेकांस विचारावे. दुसरी गोष्ट वैशाखाची. वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा बंद खोलीत, कुलर बंद पडलेला असताना, बांधलेल्या माणसाला ऊष्माघात होण्यास फार वेळ लागत नाही. याखेरीज मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना बोथट झाली आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना दमा वा फेफरे आहे, त्यांनी हे आधी सांगावे. आणि न सांगितले तरी विचारणे हे देणाऱ्याचे काम.

प्रसंग संपल्यावर जे करावयाचे त्याला ‘आफ्टरकेअर’ म्हणतात : पांघरूण, पाणी, काही गोड, जवळ बसणे, आणि घडले त्याविषयी शांतपणे बोलणे. शरीरातील ती द्रव्ये ओसरली की थरथर सुटते, रडू येते, कधी दोन दिवसांनी उगीचच उदास वाटते. हे देणाऱ्यालाही होते. त्याला अपराधी वाटते, आणि पुरुषाने असे काही वाटून घेऊ नये या समजुतीमुळे तो ते बोलत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. १८६० च्या दंडसंहितेतील ८७ वे कलम आता भारतीय न्याय संहितेत २५ वे झाले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तेच लागू आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल, आणि मृत्यू वा जबर दुखापत व्हावी असा हेतू नसेल व तशी शक्यता असल्याचे करणाऱ्यास ठाऊक नसेल, तर त्या कृत्याने झालेली इजा अपराध ठरत नाही. कायद्याने दिलेले उदाहरण गंमतीखातर तलवारीचे हात खेळणाऱ्या दोघांचे आहे. जबर दुखापतीची यादी स्वतंत्र आहे : दृष्टी वा श्रवण जाणे, अवयव निकामी होणे, चेहरा विद्रूप होणे, हाड वा दात मोडणे, जीव धोक्यात येणे, आणि नव्या संहितेत पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे, जी मुदत पूर्वी वीस दिवसांची होती. या हद्दीपलीकडे संमतीचा आधार मिळत नाही. भीतीपोटी, गैरसमजाने वा नशेत दिलेली संमती ही संमती नव्हे असे २८ वे कलम सांगते. आणि ‘मी तुझा दास’ अशा मजकुराचा कागद कितीही सुबक अक्षरात लिहिला तरी कोणत्याही न्यायालयात तो बजावता येणार नाही.

इंग्लंडने या बाबतीत हेलकावे खाल्ले. १९९३ साली तेथील उमराव सभेने, तीन विरुद्ध दोन मतांनी, खासगीत संमतीने एकमेकांस इजा करणाऱ्या पुरुषांची शिक्षा कायम केली, आणि १९९७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यात ढवळाढवळ केली नाही. मध्यंतरी १९९६ साली पत्नीच्या विनंतीवरून तिच्या देहावर स्वतःची आद्याक्षरे डागणारा नवरा मात्र, हे गोंदण्यासारखेच आहे म्हणून, सुटला. विवाहित जोडप्याला एक न्याय आणि समलिंगी पुरुषांना दुसरा, ही टीका रास्त आहे. २०२१ च्या कायद्याने तेथे गंभीर इजेच्या खटल्यात ‘तिला ते आवडत होते’ हा बचाव बंद करण्यात आला, कारण मारलेल्या स्त्रियांच्या मागे तोच बचाव वारंवार उभा केला जात होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा खासगीपणाचा आणि २०१८ चा ३७७ व्या कलमाविषयीचा निकाल यांनी प्रौढांच्या शयनगृहाला घटनेचे संरक्षण दिले. पण अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरी संभोगाची कृती बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवणारा अपवाद नव्या संहितेनेही राखला आहे. ज्या देशात पत्नीचा नकार कायदाच पुरता मोजीत नाही, तेथे पत्नीच्या होकाराचे वजनही हलकेच राहणार. हा अपवाद जाईपर्यंत विवाहातील संमतीविषयी मोठ्या आवाजात बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शेवटी पुन्हा सेवाग्राम. येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली लैंगिक अत्याचाराच्या तपासणीतील दोषांवर अहवाल तयार केला, ते प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि स्त्रीच्या देहावरून तिच्या पूर्वचारित्र्याचा अंदाज बांधणाऱ्या दोन बोटांच्या चाचणीविरुद्ध जो देशव्यापी झगडा झाला त्यात या अहवालाचा वाटा मोठा होता. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणे हे गैरवर्तन ठरविले. या झगड्याचे तत्त्व आपल्या विषयालाही लागू पडते. देह संमतीची साक्ष देत नाही. मांडीवरचा वळ राजीखुशीचा की जुलमाचा हे वळाकडे पाहून कळत नाही, ते माणसाला विचारूनच कळते. आणि विचारावयाचे ते जोडीदाराला खोलीबाहेर बसवून. थांब म्हटल्यावर तो थांबतो का? पुढल्या वेळी तू नाही म्हटलेस तर काय होईल? त्याच्या नुसत्या आवाजाची भीती वाटते का? एवढे तीन प्रश्न पुष्कळ उलगडा करतील. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही अध्यापन-रुग्णालयांत शिकणाऱ्या भावी डॉक्टरांना ते विचारण्याची, आणि उत्तर ऐकून भुवया न उंचावण्याची, तालीम मिळावी.

वाचकांपैकी ज्यांचा या विषयाशी खासगी संबंध असेल त्यांना विनंती इतकीच की इजा झाली तर न्हाणीघरात पडल्याची सबब न सांगता डॉक्टरास खरे कारण सांगा. मानेवर दाब पडून गेल्यावर आवाज बसला, गिळताना दुखले वा डोके जड झाले तर सकाळची वाट पाहू नका. आणि जे संमतीने सुरू झाले ते संमतीवाचून चालू राहिले असेल, तर १८१ ही महिला मदतवाहिनी आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ ही टेली-मानस सेवा विनाशुल्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.